सहीनंतरची लढाई

२३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा एका सहीसाठी बावीस पेनं वापरली. एका पेनानं अक्षराचा एखादा तुकडा लिहायचा, की पुढचं पेन घ्यायचं. कायद्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांना ती पेनं नंतर आठवण म्हणून वाटतात. तिथला जुना रिवाज आहे. एवढा सोहळा झाल्यावर लढाई संपली असं कुणालाही वाटलं असतं. पण दोनच दिवसांनी ओबामा आयोवा सिटीत सभा घेत होते. २००७ च्या मे महिन्यात उमेदवार म्हणून त्यांनी आपली आरोग्ययोजना याच गावात मांडली होती. आता कायदा झाला होता, तरी सभेचा सूर प्रचाराचाच. गावातल्या प्रेअरी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानाचा त्यांनी दाखला दिला: नोकरांच्या विम्याचे हप्ते एका वर्षात ३५ टक्क्यांनी वाढलेले, मालकाच्या नाकी नऊ आलेले. हा कायदा रद्द करू म्हणून मतं मागायची असतील तर खुशाल मागा, असं आव्हान विरोधकांना दिलं आणि सभा आटोपल्यावर त्या दुकानात जाऊन पुस्तकंही घेतली. विधेयक मंजूर झाल्यानंतर त्याचाच प्रचार करत फिरण्याची पाळी अध्यक्षावर का यावी? अमेरिकेच्या आरोग्य कायद्यांचा साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर उत्तर सापडतं, आणि ते पुढाऱ्यांना फारसं आवडण्याजोगं नाही. कायद्यामागे माणसं उभी राहतात ती भाषणं ऐकून नव्हे. कायद्यानं देऊ केलेली गोष्ट आधी त्यांच्या पदरात पडावी लागते, आणि ती टिकवण्यासाठी धावून जाईल अशी त्यांची स्वतःची संघटना असावी लागते. दोन्हींपैकी एक जरी नसलं तरी कायदा लंगडतो. दोन्ही नसतील तर तो मरतो, आणि असा एक मेलेलाही आहे.

आधी यशाचं उदाहरण. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी सरकारी विमा असावा ही मागणी १९५० च्या दशकाअखेर जोर धरू लागली, तेव्हा डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेनं, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, तिच्याविरुद्ध कंबर कसली. १९६१ मध्ये डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवावं आणि ग्रामोफोनवर एक तबकडी ऐकवावी अशी मोहीमच निघाली. तबकडीवरचा आवाज रोनाल्ड रेगन नावाच्या नटाचा होता. सरकारी विमा म्हणजे समाजवादाचा चोरपावलांनी प्रवेश, असं तो समजावून सांगे. (विसाव्या शतकातल्या राजकीय प्रचारात इतकं स्वस्त आणि इतकं हुशार काही क्वचितच झालं असेल.) त्याच वर्षी दुसऱ्या बाजूनं ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष एम फोरँड नुकतेच प्रतिनिधिगृहातून निवृत्त झाले होते आणि या विम्याचं विधेयक त्यांनीच तिथे मांडलं होतं. परिषदेचा कणा मात्र मोटार आणि पोलाद कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांचा. युनियनमध्ये उभा जन्म गेलेली ही माणसं. सभा कशी भरवायची, खासदाराच्या दारात कितीदा जायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. २० मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे वीस हजार वृद्धांपुढे अध्यक्ष केनेडी बोलले. भाषण रंगलं नाही. डॉक्टरांच्या बाजूनं एडवर्ड ॲनिस यांनी त्याच सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून दिलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दाखवलं गेलं आणि ते जास्त परिणामकारक ठरलं. जुलैत सिनेटमध्ये विधेयक ५२ विरुद्ध ४८ मतांनी बाजूला पडलं. मोहीम एखाद्या पुढाऱ्याच्या लोकप्रियतेवर उभी असती तर तिथेच गुंडाळली गेली असती. परिषद मात्र टिकली, कारण तिच्या सदस्यांचं वय आणि दुखणी दोन्ही वाढतच होती.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, वयोवृद्ध माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या शेजारी बसून मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या या सरकारी विम्याच्या, कायद्यावर सही केली. लाभ सुरू व्हायचे होते १ जुलै १९६६ पासून, म्हणजे मध्ये जेमतेम अकरा महिने. इस्पितळाचा खर्च आपोआप मिळणार होता, पण डॉक्टरांच्या फीसाठीचा विमा ऐच्छिक होता. त्यासाठी महिन्याला तीन डॉलर भरायचे आणि नाव नोंदवायचं. एकटी राहणारी, डोळे अधू झालेली, सरकारी कागद न उघडताच कोपऱ्यात ठेवणारी म्हातारी माणसं गाठायची कशी, हा खरा प्रश्न. गरिबी हटवण्यासाठी नुकत्याच स्थापन झालेल्या सरकारी कार्यालयानं गरीब वृद्धांनाच पगारावर घेऊन इतर वृद्धांच्या घरोघरी पाठवलं. दूर रानात झोपडी करून राहणाऱ्यांपर्यंत वनरक्षक पोचले. दहांतल्या नऊजणांनी नाव नोंदवलं. यातली मख्खी अशी, की दारावर आलेला माणूस पक्षाचा नव्हता, साहेबही नव्हता. सांधेदुखीनं जिना चढताना तोही थांबत थांबत आलेला होता.

या अकरा महिन्यांतला दुसरा भाग त्याहून मोलाचा आहे आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येत नव्हता. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर दक्षिणेतल्या इस्पितळांना गोऱ्या आणि काळ्या रुग्णांचे वेगळे वॉर्ड बंद करणं भाग होतं. केंद्र सरकारनं इतर खात्यांतून माणसं उसनी घेऊन सुमारे हजार निरीक्षक उभे केले. तपासायची होती हजारो इस्पितळं. निरीक्षक येणार म्हणताच काही ठिकाणी खाटा सरकवल्या जात, एका खोलीत दोन्ही वर्णांचे रुग्ण झोपवले जात आणि गाडी फाटकाबाहेर पडली की ज्याला त्याला पूर्वीच्या जागी नेलं जाई. हे बिंग फोडलं ते तिथेच फरशी पुसणाऱ्या, जेवणाची ताटं नेणाऱ्या काळ्या कर्मचाऱ्यांनी आणि नागरी हक्क संघटनांच्या स्थानिक शाखांनी. नोकरी जाण्याची भीती असताना त्यांनी निरीक्षकांना निरोप पोचवले. १९६६ च्या जुलैपर्यंत बहुसंख्य इस्पितळांनी अट मान्य केली होती. कायद्याचं कलम वॉशिंग्टनमध्ये लिहिलं गेलं, हे खरं. पण ते अमलात आलं की नाही याची पावती वॉर्डात झाडू मारणाऱ्या बाईच्या हाती होती.

आता मेलेल्या कायद्याकडे वळू. १९८८ मध्ये मेडिकेअरला एक मोठी भर घालण्यात आली: दीर्घ आजारात इस्पितळाच्या खर्चावर मर्यादा, पुढे औषधांचाही खर्च. प्रतिनिधिगृहात ३२८ विरुद्ध ७२, सिनेटमध्ये ८६ विरुद्ध ११. दोन्ही पक्ष खूश, आणि १ जुलै १९८८ रोजी सही केली ती तोवर अध्यक्ष झालेल्या रेगन यांनी, तबकडीवाल्या त्याच रेगननी. मात्र हा खर्च वृद्धांनी स्वतःच उचलायचा होता. बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्यांवर १९८९ पासून जादा कर बसला, माणशी वर्षाला ८०० डॉलरपर्यंत. औषधांचा मोठा लाभ सुरू व्हायचा होता १९९१ मध्ये. म्हणजे बिल आधी आणि जेवण दोन वर्षांनी. शिवाय ज्यांच्यावर हा कर पडत होता, त्यांतल्या अनेकांकडे जुन्या कंपनीचा विमा होताच. निवृत्तांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचा, एएआरपीचा, कायद्याला पाठिंबा होता. पण तो वरच्या कार्यालयाचा पाठिंबा होता, सदस्यांना कुणी विचारलं नव्हतं. १७ ऑगस्ट १९८९ रोजी कायद्याचे एक शिल्पकार डॅन रोस्टेनकोव्स्की शिकागोत आपल्याच मतदारसंघातल्या एका बैठकीतून बाहेर पडले, तर चिडलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांची मोटार अडवली. एक वृद्ध बाई बॉनेटवर चढून बसली. अमेरिकेच्या करव्यवस्थेवर हुकमत असलेला तो धिप्पाड पुढारी अखेर गाडीतून उतरून पळत सुटला आणि हे सगळं टीव्हीवर दिसलं. वर्ष संपायच्या आत संसदेनं प्रचंड बहुमतानं स्वतःचाच कायदा मागे घेतला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इस्पितळाच्या खर्चावरचं जादा संरक्षण १९८९ च्या जानेवारीपासून लागू झालेलं होतं आणि त्याचा आधार मिळालेले गरीब वृद्धही होते. कायदा रद्द झाला तेव्हा त्यांच्या बाजूनं रस्त्यावर कुणी आलं नाही. त्यांना एकत्र आणणारं कुणी नव्हतंच.

ओबामांच्या माणसांना हा इतिहास ठाऊक नव्हता असं नाही, तरी त्यांनी १९८८ चीच चूक थोड्या फरकानं केली. कायद्याचा दहा वर्षांचा खर्च फुगलेला दिसू नये म्हणून मुख्य लाभ, म्हणजे अनुदानित विमा आणि गरिबांसाठीच्या मेडिकेडचा विस्तार, १ जानेवारी २०१४ वर ढकलले गेले. दहातली जवळजवळ चार वर्षं अशी बिनखर्चाची गेली की बेरीज आपसूक उतरते. हिशेबाला ते सोयीचं होतं, राजकारणाला घातक. २०१० मध्ये हाती काय पडलं? मेडिकेअरच्या औषधविम्यात मधल्या टप्प्यावर पैसे मिळत नसत, त्या खड्ड्यात अडकलेल्या वृद्धांना २५० डॉलरचा एक धनादेश, सव्विसाव्या वर्षापर्यंत मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहण्याची मुभा, आजारी मुलांना विमा नाकारण्यावर बंदी. चांगल्याच गोष्टी, पण ज्या कोट्यवधी लोकांकडे विमाच नव्हता त्यांच्यासाठी त्यात जवळपास काही नव्हतं. आणि ही गोष्ट घेऊन दारोदार जायचं कुणी? ‘ऑर्गनायझिंग फॉर अमेरिका’नं. २००८ च्या निवडणुकीत जमलेल्या सुमारे १ कोटी ३० लाख ईमेल पत्त्यांची यादी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात आणून ही संघटना थाटली होती. तिनं खासदारांना फोन लावले, आभाराच्या मोहिमा काढल्या, स्वयंसेवकांकडून तासांची वचनं घेतली. कार्यकर्त्यांच्या मेहनतीत खोट काढता येणार नाही. पण यादी एका माणसाच्या चाहत्यांची होती. ती आजाऱ्यांची, बिनविम्याच्या लोकांची किंवा नर्सांची यादी नव्हती. २००९ च्या सबंध उन्हाळ्यात विधेयकाचा मसुदाच पक्का नव्हता, त्यामुळे स्वयंसेवकांना ‘तत्त्वांचा’ प्रचार करायला सांगितलं गेलं. आणि ज्या सरकारी विमा-पर्यायासाठी त्यांतले बरेचजण झटत होते, तो डिसेंबरात वरच्या वर सोडून देण्यात आला. सेझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीत तयार झालेले आणि २००८ च्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण आखण्यात वाटा असलेले मार्शल गँझ यांनी नंतर जाहीरपणे हेच दुखणं मांडलं: चळवळीचं बळ पक्षाच्या दावणीला बांधलं की ते आटतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं प्रतिनिधिगृहात ६३ जागा गमावल्या. यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बेरोजगारी साडेनऊ टक्क्यांच्या घरात असताना सत्ताधारी हरणारच, त्यात आरोग्य कायद्याचा किंवा त्याच्या कार्यकर्त्यांचा काय दोष? आक्षेपात तथ्य आहे. मंदी नसती तर पराभव इतका दारुण झाला नसता. परंतु मंदी सगळ्याच डेमोक्रॅटांना सारखी भोवली असती. राज्यशास्त्रज्ञांनी मतदारसंघांची तुलना केली तेव्हा सारख्याच वळणाच्या मतदारसंघांत कायद्याच्या बाजूनं मत दिलेल्यांना विरोधात मत दिलेल्यांपेक्षा जास्त फटका बसल्याचं आढळलं. दुसरा आक्षेप: मेडिकेअर समजायला सोपा, हा कायदा शेकडो कलमांचा, त्याचा प्रचार कुणालाही जमला नसता. पण विरोधकांपुढेही तेच किचकट विधेयक होतं. टी पार्टी या उजव्या चळवळीनं त्यातून प्रत्येक गावाला पुरेल एवढी भीती काढली. तिच्यामागे श्रीमंतांचा पैसा होता, ते खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. तरीही थीडा स्कॉकपोल आणि व्हेनेसा विल्यमसन यांनी प्रत्यक्ष फिरून पाहिलं तेव्हा देशभर सुमारे हजार स्थानिक गट नियमित भेटत असल्याचं त्यांना आढळलं: चर्चच्या खोलीत, हॉटेलच्या मागच्या भागात, बहुतेक निवृत्त माणसं, कायद्याच्या प्रती घेऊन बसलेली. भाड्याची गर्दी एका सभेपुरती मिळते. दर महिन्याला खुर्च्या मांडणारी माणसं भाड्यानं मिळत नाहीत.

१ ऑक्टोबर २०१३ ला नोंदणी सुरू झाली आणि सरकारी संकेतस्थळ कोसळलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले अवघे सहाजण. या नामुष्कीची चर्चा इतकी झाली की पुढच्या सहा महिन्यांत गावोगावच्या मदतनिसांनी काय केलं ते झाकोळून गेलं. ग्रंथालयांत, चर्चमध्ये, केस कापण्याच्या दुकानांत टेबल टाकून बसलेल्या या माणसांना अडवण्याचे प्रयत्नही झाले; फ्लोरिडात तर जिल्हा आरोग्य कार्यालयांच्या आवारात त्यांना काम करण्यास मनाई झाली. तरी एप्रिल २०१४ पर्यंत सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला. अमेरिकेतल्या मराठी घरांनाही या नोंदणीचा एक वेगळाच उपयोग झाला. ग्रीन कार्डावर मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना पाच वर्षं झाल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नसे, आणि मधुमेह किंवा बायपास असलेल्या सत्तरीच्या माणसाला खाजगी कंपनी दारात उभी करत नसे. विम्याच्या या नव्या बाजारात कंपनीला त्यांना नाकारता येईना.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जातो तो केंटकीचा दाखला. गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी राज्याचं स्वतःचं संकेतस्थळ, कायनेक्ट, उत्तम चालवलं. मेडिकेडचा विस्तार केला. बिनविम्याच्या लोकांचं प्रमाण दोन वर्षांत निम्म्यावर आलं. आणि २०१५ च्या नोव्हेंबरात त्याच राज्यानं कायनेक्ट मोडीत काढण्याचं आश्वासन देणाऱ्या मॅट बेव्हिन यांना निवडून दिलं. पदरात पडलं तरी माणसं वाचवायला आली नाहीत, मग सिद्धान्त कुठे उरला? माझं उत्तर असं, की केंटकीत अर्धी अट पुरी झाली होती. लाभ पोचला, पण तो खिडकीवर, एकेकट्याला. कार्ड घेणाऱ्यांतल्या कित्येकांना ते ओबामांच्या कायद्यातून आलं याची दाद नव्हती, आणि ज्यांना नवं कार्ड मिळालं त्यांतले अनेकजण मतदानालाच गेले नाहीत. पूर्वी अशा माणसांना एकत्र बांधणारी खाणकामगारांची युनियन तोवर क्षीण झाली होती. नंतरची घटना मात्र नोंदवायला हवी. बेव्हिन यांनी मेडिकेडवर कामाच्या अटी लादू पाहिल्या, तेव्हा तिथले लाभार्थीच वादी म्हणून न्यायालयात गेले आणि अटी रोखल्या गेल्या. २०१९ मध्ये बेव्हिन हरले ते स्टीव्ह बेशिअर यांच्या मुलाकडून.

२०१७ मध्ये कायदा रद्द करण्याची वेळ खरोखर आली तेव्हा चित्र पालटलं. संसदेतल्या काही माजी मदतनिसांनी टी पार्टीची रीत अभ्यासून ‘इंडिव्हिजिबल’ नावाची पुस्तिका काढली आणि तिच्या आधारानं हजारो स्थानिक गट उभे राहिले. फेब्रुवारीत आर्कान्सासारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यातही सिनेटर टॉम कॉटन यांच्या सभेला गर्दी लोटली. २२ जून रोजी अपंगांच्या ‘अडॅप्ट’ संघटनेची माणसं सिनेटर मॅकोनेल यांच्या कचेरीबाहेर आडवी झाली. पोलिसांनी त्यांना चाकाच्या खुर्च्यांवरून उचलून नेलं, ४३ जणांना अटक झाली. अडॅप्ट काही त्या वर्षी जन्मली नव्हती. १९८० च्या दशकात बसगाड्यांना चढउताराची सोय हवी म्हणून रस्ते अडवण्यापासून तिची तालीम चाललेली होती. चार जुलैला मेनमधल्या ईस्टपोर्ट गावच्या मिरवणुकीत सिनेटर सुझन कॉलिन्स चालत होत्या, तेव्हा लोक त्यांच्याशी आरोग्य विम्याखेरीज दुसरं बोलतच नव्हते. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ मतांनी कायदा रद्द करण्याचं विधेयक पडलं. रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी विरोधी मत देताना खाली केलेला अंगठा तेवढा सर्वांच्या लक्षात राहिला. पण त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर कॉलिन्स आणि मर्कोव्स्की यांनी आधीच विरोध केला नसता तर त्या अंगठ्याला किंमत नव्हती. कुणी म्हणेल, हातचं जाणार म्हटल्यावर माणूस धडपडतोच, त्यात संघटनेचं काय? तसं असतं तर १९८९ मध्ये इस्पितळाचं संरक्षण गमावणारे गरीब वृद्धही धडपडले असते.

त्यानंतरच्या मोहिमांत तर ओबामांचं नावही मागे पडलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला होता. मेनच्या गव्हर्नरनं तो पाचदा नकाराधिकार वापरून अडवला, तेव्हा कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेला आणि २०१७ च्या नोव्हेंबरात ५९ टक्क्यांनी जिंकला. पुढच्या वर्षी आयडाहोत, जिथे डेमोक्रॅट औषधापुरताच सापडतो, ‘रीक्लेम आयडाहो’च्या मूठभर कार्यकर्त्यांनी १९७७ सालची एक जुनाट व्हॅन हिरवी रंगवून राज्यभर फिरवली. दारावर जाऊन ते ना पक्षाचं नाव घेत, ना अध्यक्षाचं. याच गल्लीत विम्याशिवाय किती घरं आहेत ते विचारत. साठ टक्क्यांहून अधिक मतांनी विस्तार मंजूर झाला. धसका घेतलेल्या विधिमंडळानं २०२१ मध्ये नियम बदलला: प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा तर राज्यातल्या सगळ्या ३५ मतदारसंघांतून सहा-सहा टक्के सह्या आणा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम त्याच वर्षी रद्द केला, आणि संघटनेनं पुढची सह्यांची मोहीम शाळांना जादा निधी मिळावा म्हणून काढली.